मीठ-साखरेचं पाणी

साताऱ्याहून मिरजेला यायला मला आता निमित्त लागतं, आणि निमित्त आलं की मी ते टाळायला बघते. या खेपेला टाळता आलं नाही. चर्चच्या ऑफिसात काम बघणाऱ्या रॉबिन नावाच्या मुलाचा फोन आला. पॅरिशचा अमृतमहोत्सव होता, स्मरणिका निघणार होती आणि तिच्यात एक अख्खं पान माझ्या आईवर द्यायचं ठरलं होतं. शीर्षकसुद्धा ठरलं होतं, 'दयेची माउली'. "काकू, एक फोटो आणि आईंच्या चार गोड आठवणी घेऊन या," तो म्हणाला. 'गोड' म्हटल्याबरोबर माझं डोकं सणकलं. त्या पोराचा काय दोष? पण माझा राग योग्य माणसावर कधी निघालाच नाही, आणि आता ती माणसं मरूनही गेली.

स्टँडवर उतरले आणि रिक्षा न करता मुद्दाम सिस्टर लोकांच्या दवाखान्यामागच्या गल्लीनं गेले. आवारात आता मोटारी लागतात. पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराला इथं चुली होत्या, तीन-तीन दगडांच्या. रोग्यांचे नातेवाईक जतकडून, पार विजापूरकडून आलेले असत आणि इथंच भाकरी थापत. कानडी-मराठीत मिसळून भांडणं, मिरचीचा ठसका, ओल्या लाकडाचा धूर आणि या सगळ्यावर फिनेलचा वास. पलीकडच्या गल्लीत वाद्यं करणारे राहायचे. त्यांचे भोपळे उन्हात वाळत पडलेले असायचे आणि कुणीतरी तंबोऱ्याची एकच तार तासन्‌तास लावत बसलेलं असायचं. ती तार एकदाची लागली, असं मला कधी ऐकू आलं नाही.

आई त्या दवाखान्यात आया होती. मार्था आया. वडील रेल्वेत होते, मी नऊ वर्षांची असताना ते गेले, आणि मग आम्ही दोघीच उरलो. आईला वाचता येत नव्हतं. पहाटेच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, ती जायची, पण शेवटचा आशीर्वाद होतो न होतो तोच चपला घालून दवाखान्याच्या वाटेला लागायची. उरलेली प्रार्थना रस्त्यात. जपमाळ ती बेडपॅन धुताना म्हणायची, एका भांड्याला एक 'नमो मारिया', आणि तीही मोठ्यानं. एका नव्या सिस्टरनी तिला हटकलं, अशा जागी देवाचं नाव कशाला घेता म्हणून. आई हात न थांबवता म्हणाली, "सिस्टर, वासाचं वावडं असतं तर त्यो गोठ्यात जन्माला आला असता व्हय?" सिस्टर हसल्या की रागावल्या ते मला आठवत नाही. आई पुढचं भांडं घासायला लागली होती.

या बाईबरोबर राहणं सोपं नव्हतं, हेही सांगते. स्मरणिकेत ते छापणार नाहीत. माझ्या वाटणीची भाकरी किती वेळा चुलीपाशी बसलेल्या कुणा परक्याच्या ताटात गेली याला गणती नाही. एका थंडीत माझा स्वेटर एका बाळंतिणीच्या अंगावर दिसला. मी रडून गोंधळ घातला, तर आई म्हणाली, "तुला अंगात रग हाय, ती गारठलीया." संपलं. तिच्या दयेच्या मधे मी उभी होते हे तिच्या ध्यानातच नसायचं.

आणि ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आला की साखर. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घरी आलो की आई फळीवरचा साखरेचा डबा खाली काढायची. शेजारणी उपवासकाळात मटण सोडायच्या. आमच्याकडं सोडण्याइतकं मटण होतंच कुठं? म्हणून साखर. रेशनवर मिळालेली सगळी साखर चाळीस दिवस दवाखान्यात जायची. उन्हाळा लागला की नळाला पाणी कमी आणि वॉर्डात खाटा कमी. जुलाब-उलट्यांच्या रोग्यांना मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजायचं काम आयांचं असे. आईची साखर त्या पाण्यात पडायची. घरी आम्ही कडू चहा प्यायचो. चर्चमधल्या मूर्तींवर जांभळी फडकी चढायची, घंटा गप्प व्हायच्या, आणि मी त्या चहाच्या कपाकडं बघत मनातल्या मनात देवाशी भांडायची.

यल्लव्वा आमच्या दाराशी मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. जोगतीण होती ती. लहानपणीच सौंदत्तीच्या देवीला सोडलेली, तिचंच नाव लावणारी, डोक्यावर जग म्हणजे देवीच्या मूर्तीची परडी, केसांची जट कमरेपर्यंत आलेली, अंगाला हळदीचा वास. वय काय असेल ते तिलाही माहीत नव्हतं. गल्लीतले लोक तिला जोगवा घालायचे तो लांबूनच. आई तिला आत घ्यायची, पाटावर बसवायची आणि विचारायची, "काय खाल्लं का न्हाई सकाळधरनं?" त्या दोघींच्या गप्पा चालायच्या त्या गुडघेदुखीच्या आणि पायातल्या भेगांच्या. देवाचा विषय आईनं कधी काढलेला मी ऐकला नाही. काढला तो यल्लव्वानंच. अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, पुण्यतिथीला आई दफनभूमीत मेणबत्ती लावायला निघाली, तेव्हा ती मागनं चालत आली आणि कबरींकडं बराच वेळ बघत राहिली.

"बाई, हितं समद्यांस्नी वळीनं निजवत्यात व्हय?"

"व्हय की."

"आनी नावं बी घालत्यात?"

"घालत्यात."

"मला बी वळीत निजवा की मेल्यावर. जल्मभर येकलीच निजले. आमच्यातलं कोन कुठं पुरलंय, कुनाला ठावं न्हाई."

आईनं फादरना विचारलं. फादर गोव्याकडचे, मवाळ बोलणारे. ते म्हणाले, आधी धर्मशिक्षण होऊ दे, मग बाप्तिस्मा. धर्मशिक्षणाचा वर्ग सायमन मास्तर घ्यायचे. शाळेत मास्तर, चर्चच्या कमिटीचे प्रमुख आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरचं पोरही दचकायचं. यल्लव्वा दोन रविवार वर्गाच्या पायरीवर बसून ऐकत राहिली. तिसऱ्या रविवारी मास्तरांनी तिच्या हातात खराटा दिला आणि आवार झाडायला सांगितलं. ती झाडायला लागली. त्यानंतर दर शनिवारी ती न सांगता येऊन झाडायची, आणि रविवारी आम्ही त्या झाडलेल्या आवारातून धुतलेले कपडे घालून आत जायचो. तिचं झाडणं चाललं. त्याला कुणाची हरकत नव्हती.

उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात तिला पटकीसारखे जुलाब लागले आणि चुलीपाशी बसलेल्या बायकांनी तिला उचलून वॉर्डात आणलं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी आईचा डबा घेऊन गेले. मी सोळा वर्षांची होते, मॅट्रिकची परीक्षा नुकतीच दिलेली. यल्लव्वा कोपऱ्यातल्या खाटेवर होती. डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. सलाइनला शीर सापडत नव्हती. डॉक्टर दोन्ही हात, दोन्ही पाय बघून थकले आणि आईकडं बघून त्यांनी नुसती मान हलवली.

यल्लव्वानं आईचा पदर धरला. "बाई, माजं ऱ्हायलं न्हवं?"

मरणाच्या दारात माणूस असेल आणि त्यानं मागितला असेल, तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. फादर लागत नाही, चर्च लागत नाही. हे आईला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तिनं माझ्याकडं न बघता हात पुढं केला. "पाणी दे." माझ्या हाताशी खिडकीत तांब्या होता. मी दिला.

"नाव काय ठिवू?" आईनं विचारलं. "मारिया? आना?"

यल्लव्वा जराशी हसली. "नाव माजंच ऱ्हाऊ द्या बाई. लय दिस वापरलंय."

मग आईनं त्या जटेवर, त्या हळदीच्या कपाळावर तीनदा पाणी ओतलं. "यल्लव्वा, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते." एवढं वाक्य आई शुद्ध बोलायची, पुस्तकातलं. पाणी गालावरून ओघळून ओठांशी आलं. यल्लव्वानं ते चाटलं.

"गोड हाय," ती म्हणाली.

बाराचा भोंगा झाला आणि ती गेली.

तासाभरात फादर आणि सायमन मास्तर दवाखान्याच्या व्हरांड्यात आले. आईनंच निरोप धाडला होता, दफनाची तयारी करा म्हणून. फादर काही विचारत नव्हते, वॉर्डात चौकशी करून आलेले मास्तर विचारत होते.

"पानी कुठलं हुतं, मार्थाबाई?"

"पाणी ते पाणी," आई म्हणाली.

मास्तर माझ्याकडं वळले. "बाळ, तू हुतीस न्हवं तितं? तांब्या तूच दिलास न्हवं? काय हुतं त्यात?"

मी धर्मशिक्षणात पहिली यायची. बक्षीस म्हणून मिळालेलं पवित्र कुटुंबाचं चित्र आमच्या भिंतीवर होतं. बाप्तिस्म्याला कोणतं द्रव्य लागतं? नैसर्गिक, स्वच्छ पाणी. दूध चालत नाही, तेल चालत नाही, सरबत चालत नाही. हे सगळं मला याच मास्तरांनी शिकवलेलं. आणि खोटी साक्ष देऊ नये, हेही त्यांनीच शिकवलेलं. मी वर्गात उभी राहिल्यासारखी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "मीठ-साखरेचं पाणी होतं, सर."

मूर्ख, हुशार मुलगी! आजही तो व्हरांडा आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"झालं तर मग," मास्तर म्हणाले. "सरबतानं कुनाचा बाप्तिस्मा हुतो व्हय, फादर?"

आई पहिल्यांदा फादरांकडं वळली. "फादर, चिमटीभर मीठ आनी मूठभर साखर. तेवढ्यानं पाण्याचं पाणीपन जातं का?"

फादर आपल्या बुटांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "शंका आहे खरी. अशा वेळी कमिटीचं मत घ्यावं लागेल."

कमिटीचं मत त्यांच्या शेजारीच उभं होतं. मास्तर आवाज खाली करून आईला म्हणाले, "आवं बाई, माजा आजा गावकुसाभाईर ऱ्हायचा. मास्तर म्हनवून घ्यायला आमाला दोन पिढ्या लागल्या. उद्या बाजारात लोक म्हनतील, हेंच्या वळीत जोगतीन निजलीया. तुमाला चालंल?"

"मला चालंल," आई म्हणाली.

तिला चालून काय उपयोग? आता या वयात मला मास्तरांची भीती समजते. ती खोटी नव्हती, गावानं खरंच त्यांच्या आज्याला बाहेर ठेवलं होतं. पण म्हणून मी त्यांना माफ केलेलं नाही. ज्याला बाहेर ठेवल्याचं दुखणं माहीत आहे, त्यानं दुसऱ्याला बाहेर ठेवावं याचा मला जास्तच संताप येतो. आणि ज्या साखरेवर त्यांनी बोट ठेवलं ती आईच्या उपवासाची साखर होती. चाळीस दिवस तोंडातून काढून दिलेली. त्याच साखरेच्या नावावर आईचं केलेलं पुसून टाकलं!

चार वाजता नगरपालिकेची बेवारस प्रेतं नेणारी गाडी आली. आईनं अर्धी रजा टाकली आणि गाडीमागं चालत निघाली. मीही निघाले. भर उन्हात, बाजाराच्या रस्त्यानं, आई मोठ्यानं जपमाळ म्हणत होती आणि लोक दुकानांतून माना काढून बघत होते. मी लाजेनं खाली बघत चालले होते. तंबोरेवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे कारागीर पायरी उतरून आले, अंगावर लाकडाचा भुसा तसाच.

"कुनाची मय्यत, बाई?"

"माझ्या मान्साची," आई म्हणाली.

ते आमच्याबरोबर शेवटपर्यंत आले. पालिकेच्या माणसांच्या हातून फावडं घेऊन त्यांनी खड्डा आणखी हातभर खोल केला, कुत्री उकरतात म्हणून. मग आपली प्रार्थना त्यांनी हात पसरून म्हटली, आईनं आपली म्हटली. तिथं ओळ नव्हती, नाव नव्हतं. पुढच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा जागाही ओळखू आली नाही.

घरी येताना आई म्हणाली, "खरं बोललीस, बरं केलंस." त्यापेक्षा तिनं मला मारलं असतं तर चाललं असतं. आणि रविवारी ती नेहमीसारखी चर्चमध्ये गेली, त्याच फादरांच्या हातून ख्रिस्तप्रसाद घेतला, बाहेर मास्तरांच्या बायकोला गुडघ्याचं तेल कसं लावायचं ते समजावून सांगितलं. मी घरी येऊन भांडी आपटली. "आई, तू रागाव की गं! एकदा तरी रागाव!" ती पीठ मळत होती. म्हणाली, "रागावले तर उद्या त्यांच्याच घरचं कोन आजारी पडलं तर माझा हात उचलंल का? हात उचलाय पायजे, बाय." मला ते तेव्हा पटलं नाही, आणि आज पटलं म्हणावं तर तेही खोटं ठरेल. मास्तरांना पुढं अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांना पुसायला, कूस बदलायला आईच जात होती. त्यांनी कधी तो विषय काढला का, हे मी विचारलं, तर म्हणाली, "त्यांस्नी बोलाय कुठं येत हुतं?"

ईस्टरला आईनं चहात साखर घातली. मला तो चहा घशाखाली उतरेना. तेव्हापासून मी चहा बिनसाखरेचा घेते. सरकारी ऑफिसात पस्तीस वर्षं नोकरी केली, सगळ्यांना वाटायचं मला मधुमेह आहे. मी तसंच वाटू दिलं.

हे सगळं डोक्यात घेऊन मी परवा चर्चच्या ऑफिसात बसले होते. रॉबिननं फोटो बघितला, छान आहे म्हणाला. आईच्या लग्नाची तारीख त्याला हवी होती, ती मला आठवेना, म्हणून त्यानं कपाटातून जुनी जाड रजिस्टरं काढली. लग्नाचं रजिस्टर तो चाळत होता. दुसरं, बाप्तिस्म्याचं, माझ्यासमोर पडलं होतं. मी ते सहज उघडलं असं म्हणणार नाही. मी ते वर्ष शोधलं, तो महिना शोधला.

नोंद होती.

फादरांचं बारीक, तिरकं इंग्रजी अक्षर. नाव, यल्लव्वा. बाप्तिस्मा देणारी, मार्था, दवाखान्यातली आया. साक्षीदार म्हणून माझं नाव. कारण, मरणाची वेळ. आणि शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ, तिचा अर्थ एवढाच की वापरलेलं पाणी पाणीच होतं, बाप्तिस्मा वैध आहे. सहीखालची तारीख त्याच दिवसाची.

त्याच दिवसाची! म्हणजे व्हरांड्यातून परत येऊन, कदाचित आम्ही गाडीमागं चालत असताना, हा माणूस इथं या टेबलाशी बसून हे लिहीत होता. त्याला ठाऊक होतं. दोन शब्द मोठ्यानं बोलला असता तर तिला ओळीत जागा मिळाली असती. ते दोन शब्द त्यानं शाईनं लिहिले, टिपकागद ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. आणि मी इकडं पन्नास वर्षं समजत आले की तिची जागा माझ्या जिभेनं घालवली.

"काकू, मग चांगलंच झालं की," माझ्याकडून सगळं ऐकून घेऊन रॉबिन खांद्यावरून वाचत म्हणाला. "फादरांनी मनानं तिला आपलंच मानलं होतं."

"मनानं?" मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण बाहेर फुलं लावणाऱ्या बायका थबकल्या. "अरे, मनानं मानायला काय लागतं? माझी आई बेडपॅन धुताना मोठ्यानं देवाचं नाव घ्यायची. हा देवाच्या घरात बसून कुजबुजत होता. कपाटात ठेवलेल्या दयेचं त्या बाईनं काय करायचं होतं, सांग की!"

खजील होऊन त्यानं माझ्यासाठी पाणी आणलं आणि जरा वेळानं, बहुधा मला शांत करायला, एक कागद पुढं केला. रविवारच्या मिस्सेत पॅरिशसाठी झटलेल्या मृतांची नावं वाचायची होती. "तुम्ही वाचा ना, काकू. आईंचं नाव आहे त्यात."

रविवारी मी वाचायला उभी राहिले. चर्च गच्च भरलेलं. मी एकेक नाव घ्यायची आणि सगळे म्हणायचे, "प्रभो, चिरशांती दे." त्या वेळच्या फादरांचं नाव आलं, ते घेतलं. आईचं नाव घेतलं. मग कागदावर नसलेलं नाव घेतलं.

"यल्लव्वा."

सौंदत्तीच्या देवीचं नाव, वेदीसमोर, माइकवरून. आताच्या तरुण फादरांनी चमकून मान वर केली. पहिल्या बाकावर मास्तरांची म्हातारी सून होती, तिनं माझ्याकडं बघितलं. पण सवय ही मोठी गोष्ट असते. चर्चमधला यच्चयावत माणूस एका सुरात म्हणाला, "प्रभो, चिरशांती दे."

माझा राग तेवढ्यानं गेला नाही. मी कागदाकडं बघितलं. पुढचं नाव सायमन मास्तरांचं होतं. तेही वाचलं. दातओठ खात वाचलं, पण वाचलं.